गप्प बसायचं, तर मग ऐकायचं काय?

ध्यान करणाऱ्यांपेक्षा ध्यानाबद्दल ऐकणारेच आता जास्त असावेत. फोनमध्ये गुरूंची भाषणं साठवलेली असतात. ती चालताना ऐकायची, भांडी घासताना ऐकायची, झोप लागत नसेल तर उशाशी लावून ठेवायची. त्यातही झेन गुरूंना मागणी मोठी, कारण ते कमी बोलतात अशी त्यांची ख्याती आहे. खरा गोंधळ तिथेच सुरू होतो. शब्दांच्या नादी लागू नका, गप्प बसा, एवढंच सांगायला ही मंडळी पाऊण तास बोलतात. मग नवख्याने करायचं काय? त्यांचं ऐकायचं, की त्यांचं ऐकून त्यांचं ऐकणं सोडायचं?

माझ्यापुरतं सांगायचं तर मी वह्या भरणाऱ्यांतला. माझ्या पहिल्या झेन शिबिरात गुरूंचं बोलणं सुरू व्हायच्या आत मी मांडीवर वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. शेजारी एक वयस्कर साधक भिंतीसारखे ताठ बसले होते. त्यांनी माझ्याकडे मानही न वळवता दोन बोटांनी माझी वही मिटली आणि हात पुन्हा आपल्या मांडीवर नेऊन ठेवला. मला राग आला होता. पुढचा पाऊण तास गुरूंच्या बोलण्यापेक्षा त्या दोन बोटांचाच विचार केला. ती वही का मिटली गेली, हे कळायला बराच काळ गेला. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी शब्दांची ओळख

‘झेन’ हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो ‘ध्यान’च आहे. संस्कृत ध्यान, पालीत झान, चिनी लोकांनी उच्चारलं ‘छान्-ना’, त्याचं झालं ‘छान्’ आणि जपानात गेल्यावर ‘झेन’. (आपल्या ‘छान’शी त्याचा संबंध नाही, पण योगायोग मजेशीर आहे.)

‘झाझेन’ म्हणजे बसून केलेलं ध्यान. जाड गोल उशीवर बसायचं, दोन्ही गुडघे जमिनीला टेकवायचे, पाठ सरळ ठेवायची. डाव्या हाताचा तळवा उजव्यावर, अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवायचे. झेनचे दोन मोठे पंथ आहेत: सोतो पंथाचे लोक भिंतीकडे तोंड करून बसतात, रिंझाई पंथाचे समोरासमोर. एक बैठक म्हणजे एक उदबत्ती जळून संपेपर्यंतचा वेळ, साधारण चाळीस मिनिटं.

‘तेईशो’ म्हणजे गुरूचं बोलणं. त्याला व्याख्यान म्हटलं की झेनवाले नाक मुरडतात. का ते पुढे येईलच.

“शब्दांवर विसंबू नका” असं झेन म्हणतं ना?

म्हणतं. ग्रंथांबाहेरचा वेगळा वारसा, शब्दाक्षरांवर विसंबणं नाही, थेट मनाकडे बोट, स्वभाव पाहून बुद्ध होणं, अशा चार ओळी बोधिधर्माच्या नावावर सांगतात. झेन चीनमध्ये नेणारा भिक्षू म्हणजे हा बोधिधर्म, पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. या चारही ओळी एकत्र सापडतात त्या मात्र ११०८ सालच्या एका चिनी ग्रंथात. म्हणजे ग्रंथ नकोत, ही घोषणाही आपल्यापर्यंत ग्रंथातूनच आली.

इथे हसून विषय सोडून देता येईल. पण जुन्या झेन मठांची रचना पाहिली की प्रकरण वेगळंच दिसतं. बायझांग (७२०–८१४) हे चिनी गुरू झेन मठांच्या नियमांचे जनक मानले जातात. त्यांच्या नावे चालत आलेल्या नियमांत एक चमत्कारिक गोष्ट आहे: मठात बुद्धमूर्तीचं दालन बांधायचं नाही, फक्त धर्मदालन बांधायचं. धर्मदालन म्हणजे गुरू उच्चासनावर बसून बोलणार आणि भिक्षू उभे राहून ऐकणार, ती जागा. मूर्ती नसली तरी चालेल, ऐकायची जागा हवीच. शब्दांना खरोखर कवडीमोल समजणाऱ्यांनी असं केलं नसतं.

शिवाय झेन परंपरेचा सहावा आचार्य हुइनेंग (६३८–७१३) याची कथा सुरू होते ती ऐकण्यानेच. तो सरपण विकणारा, लिहिता-वाचता न येणारा. बाजारात कुणीतरी वज्रच्छेदिका हे बौद्ध सूत्र म्हणत होतं, ते कानावर पडलं आणि त्याचं मन उघडलं. इतिहासकार या कथेला दंतकथा म्हणतात. पण दंतकथा कुठली जपायची हे परंपरा निवडते, आणि झेनने निवडली ती ध्यानाला बसलेल्या माणसाची नाही. रस्त्यात कान उघडे असलेल्या माणसाची.

तेव्हा आक्षेप शब्दांवर नाही. शब्द साठवण्यावर आहे.

पालथा घडा आणि मांडीवरची बोरं

हा आक्षेप झेनपेक्षाही जुना आहे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात बुद्धाने ऐकणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितलेत. पहिला पालथ्या घड्यासारखा: प्रवचनाला बसतो, पण ना सुरुवात ध्यानात येते, ना मध्य, ना शेवट. पालथ्या घड्यावर पाणी ही आपली म्हण तिथे जशीच्या तशी बसते.

दुसरा प्रकार मला जास्त बोचतो. त्याची उपमा मांडीची आहे. मांडीवर तीळ, तांदूळ, मोदक, बोरं असं काय काय ठेवलंय. माणूस बसलाय तोवर सगळं जागच्या जागी आहे. उठला, की सगळं खाली. हा श्रोता बसलेला असतो तेव्हा त्याला सगळं समजतं, माना डोलतात. उठला की काही उरत नाही. तिसरा म्हणजे उताणा, सरळ ठेवलेला घडा, ज्यात ओतलेलं राहतं.

हे वाचून माझ्यासारखा माणूस लगेच म्हणणार: म्हणूनच तर वही! वही म्हणजे मोठी मांडीच की, उठल्यावर सांडत नाही. पण सांडत नाही म्हणजे घड्यात आलं असंही नाही. माझ्या दोन वह्या भरल्या होत्या, घडा होता तसाच.

बौद्ध परंपरेने यावर एक जिना बांधला. ऐकून येते ती श्रुतमयी प्रज्ञा, विचार करून येते ती चिंतनमयी, आणि साधनेतून येते ती भावनामयी. उपनिषदांतलं श्रवण, मनन, निदिध्यासन ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. आधी ऐका, मग पटवून घ्या, मग करा. समजायला सोपं. झेनची खोड अशी, की तो हा जिना आडवा पाडतो. पायऱ्या त्याच, पण एकावर एक चढत जायचं नाही. तिन्हींवर एकदम पाय ठेवायचा.

दोगेनचे दोन हात

हे सगळ्यात स्वच्छ मांडलं ते दोगेनने. दोगेन (१२००–१२५३) हा जपानी भिक्षू १२२३ मध्ये चीनला गेला, रुजिंग या गुरूकडे राहिला, १२२७ मध्ये परतला आणि पुढे आजच्या फुकुइ प्रांतातल्या डोंगरात त्याने एइहेइजी हा मठ उभारला. नुसतं बसा, असं सांगणारा म्हणून तो ओळखला जातो. पण १२३४ साली साधकांसाठी लिहिलेल्या सूचनांत, ‘गाकुदो योजिनशू’मध्ये, तो दोन गोष्टी जोडीने ठेवतो: गुरूकडे जाऊन धर्म ऐकणं, आणि झाझेनमध्ये झटणं. यातली एकही टाकली तर मार्गात शिरता येणार नाही, असं तो बजावतो. नुसतं बसायला सांगणारा माणूस ऐकणं पहिल्यांदा लिहितो, हे विसरलं जातं.

दोन्ही का हवेत? गाडी शिकताना शेजारी बसलेला माणूस सांगतो, “क्लच हळू सोड.” हेच वाक्य घरी सोफ्यावर बसून शंभरदा ऐका. अर्थ कळतो, अवघड काहीच नाही त्यात. पण ‘हळू’ म्हणजे किती हळू, हे पाय क्लचवर असेल आणि गाडी थरथरत असेल तेव्हाच कळतं. त्या क्षणी तो शब्द सरळ पायात उतरतो. उलट, कुणी काही सांगितलंच नाही तर पाय क्लचवर असून गाडी बंद पडतच राहणार, आणि तुम्ही समजणार की गाड्या अशाच असतात.

झाझेनमधले शब्द असेच आहेत. “विचार आला तर येऊ दे, त्याच्या मागे जाऊ नकोस,” हे वाक्य कुठल्याही भाषणात मिळेल. पण पंचविसाव्या मिनिटाला, पाय बधिर झालेला असताना, घरातलं जुनं भांडण डोक्यात पहिल्यापासून सुरू झालेलं असताना हेच वाक्य कानावर पडलं, तर ते माहिती म्हणून येत नाही. पाठीवर कुणी हात ठेवावा तसं येतं. सोतो पंथातले काही गुरू म्हणूनच लोक ध्यानात बसलेले असताना मधूनच दोन-चार वाक्यं बोलतात. त्याला ‘कुसेन’ म्हणतात. भाषण नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. शांततेत चार शब्द, पुन्हा शांतता.

दोगेनचा शिष्य एजो याने गुरूची बोलणी टिपून ठेवली. (हो, टिपून ठेवली. वहीबंदीवाल्यांना हे सांगायला मला आवडतं.) त्यात एका जुन्या वचनाचा दाखला आहे: धुक्यातून चालताना नकळत कपडे ओले होतात, तसं चांगल्या माणसाजवळ राहिलं की माणूस नकळत चांगला होतो. पावसात आपण किती भिजलो ते लगेच समजतं, धुक्यात समजत नाही. ऐकणं हे असं धुकं असावं, अशी झेनची अपेक्षा असते.

मग तेईशो चालू असताना नेमकं करायचं काय?

हा प्रश्न शिबिरात प्रत्येकाला पडतो आणि विचारायला लाज वाटते. श्वास पाहायचा की बोलणं ऐकायचं?

उत्तर सोपं आहे: बैठक मोडायची नाही. पाठ तशीच, हात तसेच, नजर खाली. एरवी झाझेनमध्ये पंख्याचा आवाज येतो, कुणी खोकतं, दूर कुत्रं भुंकतं. ते येतं आणि जातं. तेईशोत त्या आवाजांच्या जागी शब्द येतात. कळला तर कळला, नाही कळला तर त्याला धरून बसायचं नाही, कारण आपण त्या वाक्याशी झटत बसलो की पुढची चार वाक्यं गेलीच. ‘पटलं’, ‘नाही पटलं’, ‘हे अमक्याला ऐकवायला हवं’ हे शेरे मनात उठतील. उठू द्यायचे.

एरवी आपण ऐकतो कसं, ते एकदा पाहावं. समोरचा बोलत असतो आणि आपण आत उत्तर तयार करत असतो. त्याचं वाक्य संपेपर्यंत आपलं निम्मं झालेलं असतं. मी गुरूंचं ऐकतानाही तेच करायचो, फरक इतकाच की उत्तराऐवजी नोंद तयार करायचो. वाक्य ऐकलं, त्याचा गोषवारा केला, तो उतरवला. तेवढ्या वेळात खोलीत जे घडत होतं त्यात मी नव्हतोच. तेईशोला व्याख्यान का म्हणत नाहीत तेही यात आलं. व्याख्यानातून काही घेऊन जायचं असतं. तेईशोत गुरू आपली समज उघड मांडतो आणि तुम्ही तिच्यासमोर बसता.

विज्ञान यावर काही सांगतं का?

थोडं, आणि तेही जपून घ्यावं. १९६६ मध्ये कासामात्सु आणि हिराई या जपानी डॉक्टरांनी झाझेन करणाऱ्या अनुभवी भिक्षूंच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज केला. साधारण माणसाचा मेंदू पहिल्या काही आवाजांना दचकतो आणि मग दखल घेणं सोडतो, जसा घड्याळाचा आवाज थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो. भिक्षूंच्या मेंदूने मात्र पुढच्या आवाजांचीही पहिल्यासारखीच दखल घेतली, असं त्यांना आढळलं. प्रत्येक ‘टक्’ नवा. झेनवाल्यांना हे फार आवडलं, साहजिकच.

पण १९८१ मध्ये बेकर आणि शापिरो यांनी असाच प्रयोग केला तेव्हा ध्यान करणारे आणि न करणारे यांच्यात असा फरक दिसला नाही. त्यामुळे ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ असं कुणी म्हणालं तर पहिल्या प्रयोगाबरोबर दुसराही सांगावा.

नुसतं बसलं तर नाही का चालणार?

शांत स्वभावाच्या माणसांचा हा लाडका प्रश्न. भाषणं नकोत, गुरू नको, मी आणि माझी उशी.

याला परंपरेने एका विटेने उत्तर दिलंय. तरुण माझू (७०९–७८८) रोज ध्यानाला बसायचा. त्याचा गुरू हुआइरांग एक दिवस समोर येऊन दगडावर वीट घासू लागला.

“महाराज, हे काय करताय?”

“आरसा करतोय.”

“वीट घासून कधी आरसा होतो का?”

“मग बसून कधी बुद्ध होतो का?”

माझू गोंधळला. गुरूने पुढे विचारलं, गाडी चालेनाशी झाली तर चाबूक गाडीला मारशील की बैलाला?

लक्षात घ्या, माझू आळशी नव्हता. चांगला बसत होता. पण तो बुद्ध व्हायला बसला होता, आणि ही चूक त्याला आतून दिसणं शक्य नव्हतं, कारण जो पाहत होता तोच चुकत होता. बाहेरून आवाज यावा लागला. गंमत म्हणजे पुढे दोगेनने ही कथा उलटी वाचली: वीट घासणं हाच आरसा, म्हणून घासत राहा. एकाच कथेचे दोन अर्थ, आणि ते तुम्हाला कळतात कारण तुम्ही ती कुणाकडून तरी ऐकता.

आणि नुसतं ऐकलं तर?

तर आनंद होतो. म्हणजे बुद्धाचा शिष्य आनंद. त्याच्याइतकं कुणी ऐकलं नाही. पाली सूत्रांच्या सुरुवातीचं “असं मी ऐकलं” त्याच्याच तोंडचं. पंचवीस वर्षं तो बुद्धाच्या सेवेत होता आणि बहुतेक सगळी प्रवचनं त्याला पाठ होती. आणि तरी बुद्धाच्या हयातीत तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला नाही. परंपरा सांगते की राजगृहाच्या संगीतीच्या, म्हणजे पहिल्या सभेच्या, आदल्या रात्री तो उशिरापर्यंत साधना करत होता. पहाटे आडवा व्हायला गेला, डोकं उशीला टेकायच्या आत त्याला मुक्ती मिळाली.

झेनमध्ये त्याची वेगळी कथा आहे. आनंदने महाकाश्यप या बुद्धाच्या ज्येष्ठ शिष्याला विचारलं, बुद्धाने तुम्हाला चीवराखेरीज (भिक्षूच्या वस्त्राखेरीज) आणखी काय दिलं? महाकाश्यपाने हाक मारली, “आनंद!” “हो!” “दारातला ध्वजस्तंभ उतरव.” मठात प्रवचन किंवा वादसभा चालू असली की दाराशी ध्वज लावत. सभा संपली की उतरवत. आनंदने हाकेला ‘हो’ म्हटलं त्यात ना आठवण होती, ना पाठांतर. कान आणि उत्तर यांच्यामध्ये काहीच नव्हतं. सभा तिथे संपली.

गुरू म्हणेल ते मुकाट ऐकायचं, असं तर नाही ना?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊ नये. मन मोकळं ठेवून, शेरे न मारता ऐका, हे सांगणं चुकीच्या माणसाच्या हातात पडलं तर घातक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानातल्या अनेक झेन गुरूंनी युद्धाला पाठिंबा दिला. ती माणसं उत्तम बसणारी होती. त्यांचे शिष्य लक्ष देऊन ऐकणारे होते. सोतो पंथाने १९९२ मध्ये याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

कुणाचं मानावं, असं विचारणाऱ्या कालाम लोकांना बुद्धाने सांगितलेलं इथे आठवावं. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, हा श्रमण आमचा गुरू आहे एवढ्यावरही मानू नका. त्यातून अहित होतंय की हित, ते स्वतः पाहा. तेईशोतली मोकळीक त्या पाऊण तासापुरती आहे. उठल्यावर बुद्धी खुंटीला टांगलेलीच ठेवायची, असा नियम कुठेही नाही. गुरू प्रश्न विचारू देत नसेल तर चप्पल घालावी आणि निघावं.

रेकॉर्डिंगवर भागेल का?

काही प्रमाणात. ऐकायला मिळतं हे काही मिळत नसण्यापेक्षा बरं. पण रेकॉर्डिंग आपल्याला पाहत नाही. दोगेन ‘ऐका’ म्हणत नाही, ‘गुरूकडे जाऊन ऐका’ म्हणतो. झेनमध्ये गुरूशी एकेकट्याने भेटायची पद्धत आहे, ‘दोकुसान’. काही मिनिटांचीच भेट असते. तिथे तेईशोत ऐकलेलं तुमच्यात कुठे पोचलं, कुठे अडलं ते उघडं पडतं. फोनवर ऐकायचंच असेल तर निदान भांडी घासताना नको. उशीवर बसा, पाठ सरळ करा, एकदाच ऐका. मागे नेऊन पुन्हा ऐकण्याचा मोह मलाही होतो.

सरळ सांगून का टाकत नाहीत?

शिआंगयान नावाचा एक हुशार भिक्षू होता. एका प्रश्नाची दहा उत्तरं देणारा. गुरू गुइशान यांनी त्याला विचारलं, तुझ्या जन्माआधीचं एक वाक्य बोल. त्याने आपली सगळी टिपणं धुंडाळली. सापडलं नाही. गुरूकडे गेला, तुम्हीच सांगा म्हणाला. गुइशान म्हणाले, मी सांगितलं तर ते माझं असेल, आणि पुढे तूच मला शिव्या देशील.

शिआंगयानने टिपणं जाळली. चित्रातल्या पिठाच्या वडीने भूक भागत नाही, असं म्हणाला आणि निघून गेला. एका जुन्या समाधीची देखभाल करत एकटा राहिला. एक दिवस झाडताना खराट्याने एक खडा उडाला, बांबूवर जाऊन आपटला. टक्.

तेवढ्याने त्याला कळलं. झोपडीत परतून त्याने आंघोळ केली, उदबत्ती लावली आणि गुइशानच्या डोंगराच्या दिशेने नमस्कार घातला. म्हणाला, तुमचे उपकार आईवडिलांहून मोठे. त्या दिवशी तुम्ही मला सांगून टाकलं असतं, तर आजचं हे कुठून झालं असतं?